ट्यूनला लॉक, आणि डीलर म्हणतो ‘मला माहीत नव्हतं’

प्रश्न : बडोद्यातल्या एका डीलरकडून ६ लाख ४० हजारांना जुनी डिझेल सेडान घेतली. ‘कंपनी कंडिशन छे’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. सर्व्हिसला नेल्यावर अधिकृत वर्कशॉपने सांगितलं की ईसीयूतलं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं) सॉफ्टवेअर कंपनीचं नाही, आणि लॉक असल्यामुळे आमचं अपडेट चढत नाही. आधीच्या मालकाने रीमॅप करून घेतलं होतं, म्हणजे गाडी जास्त पळावी म्हणून ते सॉफ्टवेअर बदलून घेतलं होतं. ते करून देणारा ट्यूनर लॉक काढायचे १८ हजार मागतोय. डीलर म्हणतो, ‘मला माहीत नव्हतं, मी फक्त मधला, आणि डिलिव्हरी नोटवर तुमची सही आहे.’ पैसे देऊन मोकळं व्हावं का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आत्ता देऊ नका. मूळ मॅप (कंपनीचं सॉफ्टवेअर) चढला की गाडी ताळ्यावर येईल, पण डीलरविरुद्धचा तुमचा सगळ्यात बोलका पुरावाही त्याच वेळी पुसला जाईल.

ट्यूनरवर तुमचा राग आहे हे पत्रातून दिसतंच. पण त्याचा व्यवहार झाला आधीच्या मालकाशी, तुमच्याशी त्याचा करारच नाही. आपला मॅप दुसऱ्याने वाचून उचलू नये म्हणून ट्यूनर लॉक टाकतात, त्यांच्या धंद्यात ते रोजचंच आहे. शिवाय तुम्हाला त्याचा मॅप नकोच आहे, कंपनीचा परत हवाय. तेव्हा त्याला सोडा आणि डीलरला धरा.

पहिलं काम वर्कशॉपमध्ये. तोंडी सांगितलेलं उपयोगाचं नाही. जॉब कार्डवर लिहून घ्या : सॉफ्टवेअर मूळ नाही, अपडेट नाकारलं गेलं, तारीख, किलोमीटर. स्कॅनर लावून कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरची ओळख) आणि सीव्हीएन (त्याचा पडताळणी क्रमांक) हे दोन आकडे काढायला सांगा. मॅप बदलला की साधारणपणे सीव्हीएन बदलतो, म्हणून त्या स्क्रीनचा फोटो चासी नंबरसकट घ्या. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बंद केलाय का, तेही तपासून घ्या. यावर बरंच अवलंबून आहे.

कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून हटेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ(४) मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण ते कलम बदल करणाऱ्या मालकासाठी आहे, आणि बदल तुम्ही केलेला नाही. प्रदूषणाचं कलम १९०(२) मात्र गाडी चालवणाऱ्याला लागतं : १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. डीपीएफ काढलेला निघाला तर गाडी उभी करून ठेवा. पीयूसी पास झालंय, एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

आता डिलिव्हरी नोट. ‘पाहून, चालवून, समाधानाने घेतली’ हे वाक्य मी शेकडो नोटांवर वाचलंय. मालविक्री कायदा, १९३०, कलम १६ : तपासणीत जे दोष दिसायलाच हवे होते, तेवढ्यांपुरतीच विकणाऱ्याची सुटका होते. ईसीयूच्या पोटातला मॅप टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसत नाही. (गाडी जरा जास्तच पळते म्हणून तुम्ही खूश झाला असाल, तर ते समोरच्या वकिलाला सांगू नका.) ‘मधला’ हा बचावही फारसा टिकणारा नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि रीतसर कळवून त्याच्या ताब्यात दिलेल्या गाडीचा मालक तोच मानला जातो. दरजीपुऱ्याला आरटीओत जाऊन त्याच्याकडे ते पत्र आहे का, विचारा. नसेल तर नोटिशीत तोही मुद्दा घालू.

डीलरला रीमॅप खरंच माहीत नसेलही. फसवणूक सिद्ध करायला त्याचं माहीत असणं दाखवावं लागतं. म्हणून मी पोलीस तक्रारीपेक्षा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिथे ‘कंपनी कंडिशन’ सांगून तशी गाडी न देणं एवढंही पुरतं. चॅट डिलीट करू नका, फोनही इतक्यात बदलू नका. चॅट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

वकिलामार्फत नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मागणी अशी ठेवा : एकतर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, नाहीतर मूळ सॉफ्टवेअर अधिकृत वर्कशॉपमधून बसवण्याचा खर्च द्या, ईसीयू बदलावा लागला तर त्याच्यासकट. वर्कशॉपचं लेखी कोटेशन सोबत जोडा. डीलर दाद देत नसेल तर वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, आणि मुदत दोन वर्षं. आधीच्या मालकालाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा, म्हणजे ट्यूनरचं बिल कोणाच्या नावावर फाटलं ते बाहेर येईल.

आणि विमा कंपनीला या आठवड्यातच ईमेल करून ठेवा, की रीमॅप अमुक तारखेला कळलं आणि ते काढण्याची कारवाई सुरू आहे. गप्प राहून उद्या अपघात झाला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडवायला त्यांना आयतं कारण मिळेल.