जळगावहून एका दिवसात साल्हेर, मांगीतुंगी आणि मुल्हेर होईल का? बेत कसा आखावा?

तुमचा प्रश्न असा, की डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पाच-सहा मित्र पहाटे जळगावहून निघाले तर साल्हेरचा किल्ला, मांगीतुंगीचे डोंगर आणि वेळ उरलाच तर मुल्हेरचा किल्ला, असं सगळं करून रात्री घरी येता येईल का. गाडीतून बघायचं असेल तर येईल. चढायचं असेल तर नाही.

मी साक्री तालुक्यातला. कागदोपत्री हे डोंगर नाशिक जिल्ह्यात, बागलाणात येतात; पण आम्हाला सेलबारीचा घाट ओलांडला की झालं, त्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं. माझं मत सरळ आहे: एका दिवसात एकच डोंगर चढायचा आणि बाकीचे त्याच्या माथ्यावरून बघायचे. त्या हिशेबाने साल्हेरच निवडा, कारण तिथून बाकीचे सगळे दिसतात. मांगीतुंगीवर चढलात तर साल्हेर समोर दिसत राहील आणि घरी येईपर्यंत तोच डोक्यात राहील.

आधी रस्त्याचा हिशेब. जळगाव, धुळे, तिथून सुरतच्या रस्त्याने साक्री, मग पिंपळनेर, सेलबारीचा घाट, ताहराबाद, मुल्हेर आणि शेवटी साल्हेरच्या पायथ्याचं वाघांबे. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर जातं. चहापाण्यासकट पाच तास धरा. रात्री तीनला निघालात तरी पायथ्याला पोहोचेपर्यंत आठ वाजतात, गाडी चालवणारा रात्रभर जागा असतो आणि पुन्हा संध्याकाळी त्यानेच परत आणायचं असतं. या भागात चढाईपेक्षा मला त्या परतीच्या प्रवासाची जास्त काळजी वाटते. म्हणून दिवस चालायला एकच ठेवा, पण शनिवारची रात्र पायथ्याशी काढा. दुपारी दोन-तीनला जळगाव सोडलं तर रात्री आरामात पोहोचता.

मुक्कामाला दोन पर्याय. एक म्हणजे मांगीतुंगीच्या पायथ्याची, भिलवाडची धर्मशाळा. ते दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे, तेव्हा तिथले नियम पाळायचे. भोजनशाळेत कांदा-लसूण नसतो आणि सूर्यास्तानंतर जेवण मिळेल या भरवशावर जाऊ नका. ताहराबादलाच जेवून घ्या. दारू-मांसाहार तर डोक्यातूनही काढून टाका. यात्रेच्या दिवसांत आणि सुट्ट्यांत खोल्या भरतात, आधी फोन करून ठेवलेला बरा. दुसरा पर्याय वाघांबे किंवा साल्हेरवाडीत कुणाच्या घरी. तिथे आधी कळवलं तर भाकरी-भाजीची आणि पडवीत झोपायची सोय होते. मला हा दुसरा जास्त आवडतो. सकाळचा एक तास वाचतो आणि वाट दाखवायला कोण येणार हे रात्रीच ठरून जातं. वाटाड्या घ्याच, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

आता रविवार. बरेच लोक सकाळी कधी निघायचं यावर खल करतात. मी उलटीकडून मोजतो. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डोंगराच्या सावलीत त्याच्याही आधी अंधारून येतं. म्हणजे पाचला पाय डांबरी रस्त्याला लागलेले हवेत. साल्हेर उतरायला निवांत चालीने दोन-अडीच तास. तर अडीचला, कुणी कितीही फोटो काढत असो, माथा सुटला पाहिजे. ही एकच वेळ सगळ्यांना आधी सांगून ठेवा, बाकीच्या आपोआप जुळतात. सकाळी सातला, फटफटलं की चालायला लागायचं.

चढायचं वाघांब्याकडून आणि उतरायचं साल्हेरवाडीकडे. उलटं केलं तरी चालतं, पण सकाळच्या ताज्या पायांनी खिंडीची चढण घेतलेली बरी. वाघांब्यातून साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. खालच्या रानात ढोरवाटा फुटत जातात, चुकायची जागा तीच. खिंडीत आलात की डावी-उजवीकडे दोन्ही किल्ले अंगावर येतात. इथे थांबायचं, पाणी प्यायचं आणि सालोट्याचा निर्णय घ्यायचा.

सालोटा करायचा तर वर-खाली मिळून दोन तास हवेत. वाटेवर घसारा आहे, मुरूम पायाखालून सरकतो, कातळात कोरलेल्या पायऱ्या ठिकठिकाणी तुटल्या आहेत. नऊच्या आत खिंडीत पोहोचलात आणि सगळे नेहमी डोंगरात जाणारे असतील तर करा. एकही नवखा असेल तर सोडा. साल्हेरच्या माथ्यावरून सालोटा जितका देखणा दिसतो तितका तो स्वतःवरून दिसत नाही, हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये.

खिंडीतून साल्हेरची वाट मात्र सोपी आणि फार सुंदर आहे. कातळातल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग एका बाजूला कड्यात खोदलेल्या गुहांची रांग आणि दुसऱ्या बाजूला दरी, अशी ती आडवी वाट जाते. पाय ठेवायला जागा भरपूर आहे, पण सेल्फी घेत मागे सरकण्याइतकी नाही. कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर-स्प्रे नको, विडी-सिगारेट तर अजिबात नको आणि स्पीकर गाडीतच ठेवा. शेवटचं सांगितलं की पोरं हिरमुसतात, हिरमुसू द्या.

पुढे पठारावर गंगासागर तलाव, रेणुकेचं मंदिर आणि जवळच गुहा. तिथून परशुराम मंदिराचा माथा अर्ध्या-पाऊण तासावर, शेवटचा चढ उभा. उंची १५६७ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साल्हेर राज्यात शिखर म्हणून दुसरं आणि किल्ला म्हणून सगळ्यात उंच. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला अशी कथा सांगतात. स्वच्छ हवेच्या सकाळी माथ्यावर उभं राहिलं की कथा रचणाऱ्याला एवढं धाडस का झालं ते कळतं.

माथ्यावर किमान अर्धा तास द्या, कारण तुमच्या यादीतलं उरलेलं सगळं इथेच आहे. पूर्वेला अगदी जवळ सालोटा, त्याच्या पलीकडे मुल्हेर, मोरा आणि हरगड हे त्रिकूट. ईशान्येला मांगी आणि तुंगी, दोन शिंगं उगारलेल्या बैलासारखी. त्यांच्या आसपास तांबोळ्या आणि न्हावीगड. दक्षिणेला सातमाळ्याची रांग, तिच्यात सप्तशृंगी आणि धोडप. पश्चिमेला जमीन उतरत गेली की गुजरातचं डांग, नुसतं जंगल. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि एकेक डोंगर ओळखत बसा. वरच्या रेंजवर विसंबू नका.

खाली दिसणाऱ्या मोकळ्या माळाकडेही जरा बघा. १६७१ मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, मोगलांनी वेढा घातला आणि १६७२ च्या सुरुवातीला इथे उघड्या मैदानावर लढाई झाली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांचा पराभव केला. मराठ्यांचे सूर्याजी काकडे याच लढाईत पडले. मराठे म्हटले की गनिमी कावाच आठवणाऱ्यांनी ही जागा वरून पाहावी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात साल्हेर आहे. साहजिकच रविवारी गर्दी वाढते. सातला चढायला लागायचं हेही एक कारण आहे.

जेवण गंगासागरच्या काठी, झाडाच्या सावलीत किंवा गुहेच्या तोंडाशी. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर गुळाचा खडा. भाकरी दुपारपर्यंत टिकते आणि पोटाला आधार देते. चिप्सची पाकिटं फक्त कचरा वाढवतात. केळी जळगावची न्या, पण डब्यात घालून, नाहीतर पिशवीत त्यांचं शिकरण होतं. पाणी माणशी तीन लिटर. वर टाकी आणि तलाव आहे, तरी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका. सकाळी खिंडीत वारा बोचतो, कानटोपी लागते, आणि अकरानंतर तोच माणूस बाही वर करून घाम पुसतो. तेव्हा एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. बॅटरी प्रत्येकाकडे वेगळी असू द्या.

उतरताना साल्हेरवाडीची वाट धरा. पायऱ्या आणि एकाखाली एक सहा दरवाजे. चढून आलेल्या गुडघ्यांना इथे जाणवतं, काठी असली तर बरं. गाडी वाघांब्यात राहिली ही अडचण सगळ्यांची होते. रस्त्याने दोन्ही गावांत काहीच किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे न चढणारा ड्रायव्हर सोबत असेल तर तो वळसा घालून येतो. नसेल तर आदल्या रात्रीच गावातली जीप किंवा मोटारसायकल सांगून ठेवा. संध्याकाळी ऐनवेळी शोधायला गेलात की उशीर होतो.

आता तुमच्या यादीतली बाकीची नावं. बरोबर आईवडील किंवा लहान मुलं येणार असतील तर साल्हेर विसरा आणि मांगीतुंगी करा. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत, वाट बांधलेली, डोलीही मिळते. उजाडायला चढायला लागलं तर उन्हं तापायच्या आत मांगी आणि तिथून पुढे तुंगी होते. लेण्या, मूर्ती बघत अर्धा दिवस सहज जातो. डोंगरात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्तीही त्यात धरा. २०१६ मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. उरलेल्या दुपारी मुल्हेर गावात उद्धव महाराजांची समाधी बघता येईल. मुल्हेर किल्ला मात्र त्या दुपारात कोंबू नका. बागलाणच्या बागूल राजांची राजधानी होती ती. सोमेश्वराचं मंदिर, मोती तलाव, शेजारचा मोरा, या सगळ्याला स्वतःचा दिवस लागतो.

नंदुरबारकडचा कुणी मित्र म्हणेल, हे सोडा आणि सातपुड्यात अस्तंब्याला चला. शिखर मोठंच आहे, १३२५ मीटरचं; धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते आणि आदिवासी भाविक रात्रभर चालत जातात. पण जळगावहून एका रविवारी ते जमणार नाही, आणि पहिल्यांदा जायचं तर यात्रेबरोबरच जावं.

डिसेंबर निवडलात ते चांगलंच. सप्टेंबरात रानफुलं असतात, हिरवं असतं, पण वाटा निसरड्या आणि ढग माथ्यावर बसले की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. बाकीचे डोंगर बघायचा मग प्रश्नच उरत नाही. मार्चनंतर खिंडीपर्यंतची चढण उन्हात भाजून काढते.

पाचला साल्हेरवाडी सोडलीत तर साडेसात-आठला पिंपळनेर किंवा साक्री येतं. तिथे शेवभाजी खाऊन गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. जळगाव गाठायला बारा वाजतील. सोमवारी सकाळची ड्युटी असलेल्यांना हे आधीच सांगा, म्हणजे अडीच वाजता माथ्यावरून उठवताना वाद होत नाही.