दोरी सैल सोडण्याची वेळ

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्यात ‘घोडी माझे ऐकत नाही’ हे वाक्य तीन ठिकाणी आले आहे, मात्र तू तिला नेमके काय सांगत होतीस आणि कसे सांगत होतीस, हे एकदाही आलेले नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

तू लिहितेस की, म्होरकीची, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या पट्ट्याची, दोरी धरून पुढे ओढले की ती पाय रोवून उभी राहते, मग बराच वेळ ओढाताण होते, शेवटी ती एखादे पाऊल टाकते आणि तुम्ही दोघी कशाबशा निघता. आता हाच प्रसंग तिच्या बाजूने पाहा. ती उभी होती तेव्हा मानेवर ओढ होती आणि पाऊल टाकल्यावरही तू घाईघाईने चालू लागल्यामुळे ओढ तशीच राहिली. मग पाऊल टाकून तिने मिळवले काय? दाब हा घोड्याला विचारलेला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर बरोबर आले, हे त्याला दाब सुटल्यावरच कळते. तो सोडण्याचा क्षण हुकला, तर तुझ्या बोलण्याला त्याच्या लेखी काही अर्थच उरत नाही.

हा क्षण पाऊल पडण्याच्याही आधी येतो. दोरीवर बेताचा, स्थिर ताण ठेव, झटके देऊ नकोस, आणि तिच्या छातीकडे लक्ष ठेव. आधी एक कान तुझ्याकडे वळेल, मग मान दोन बोटे खाली येईल, आणि मग मागच्या पायांवर रेललेले वजन अगदी किंचित पुढे सरकेल. पाय अजून उचललेला नसेल, तरी त्याच वेळी दोरी सैल सोड. दुसऱ्या खेपेला ती लवकर पुढे झुकेल आणि पाचव्या-सहाव्या खेपेला बहुधा तुझा हात दोरीवर जाताच चालू लागेल. याउलट तिने डोके वर झटकल्यावर दचकून तू दोरी सोडलीस, तर डोके झटकले की सुटका होते, हाच धडा तू तिला दिलास, आणि असे धडे घोडे फार पक्के लक्षात ठेवतात. खोगिरावर बसल्यावरही हाच नियम लागू पडतो: टाचांनी पुढे हाकायचे आणि त्याच वेळी तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळायचे, म्हणजे एकाच श्वासात ‘जा’ आणि ‘थांब’ म्हणायचे. असे रोज ऐकणारा घोडा काही दिवसांनी दोन्हींकडे दुर्लक्ष करू लागतो आणि लोक त्याला निबर म्हणतात.

तू न बोललेलेही तिला ऐकू जाते, हेही ध्यानात ठेव. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या एका शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खुराने ठोके देऊन सांगत असे. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला त्यात कसलीही लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कार फुंग्स्ट यांनी केलेल्या तपासणीत, जी १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली, असे दिसले की ठोके बरोबर संख्येपर्यंत पोहोचताच प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि ते पाहून हान्स थांबत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. गंमत म्हणजे हे गुपित कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल पूर्णपणे आवरता आली नाही. तेव्हा भीती लपवून घोड्याजवळ जाण्याचा खटाटोप करू नकोस. भीती वाटत असेल तर लांब थांब, श्वास सावकाश सोड, खांदे खाली येऊ दे आणि मगच पुढे हो.

जातानाही समोरून थेट कपाळावर हात नेऊ नकोस. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सभोवतालचे जवळजवळ ३५० अंशांपर्यंत दिसते, पण कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. खांद्याच्या रोखाने, तिरके, बोलत जा.

माझी एक चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, घोडी होती. कुरणात तिला धरायचे तर मी म्होरकी पाठीमागे लपवून, हातात दाणा दाखवत जात असे आणि ती जवळ आली की पटकन अडकवत असे. ही युक्ती आठवडाभर चालली. नंतर मी रिकाम्या हातांनी गेलो तरी ती पाठ फिरवू लागली, कारण माझा हात पाठीमागे असणे हीच तिच्यासाठी धोक्याची खूण झाली होती. ते निस्तरायला मला जवळजवळ तीन महिने लागले. म्होरकी उघडपणे खांद्यावर टाकून मी रोज जायचो, थोडा खरारा करायचो, म्हणजे तिचे अंग घासून साफ करायचो, आणि तिला तिथेच सोडून परत यायचो. कामासाठी नेणे चार फेऱ्यांतून एकदाच.

त्या फेऱ्यांत मला आणखी एक गोष्ट कळली. मानेवर थोपटणे आपल्याला आवडते. घोडे मात्र एकमेकांना कधी थोपटत नाहीत, ते दातांनी खाजवतात, आणि तेही बहुधा आयाळ संपते तिथल्या उंचवट्याजवळ. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. बोटांच्या पेरांनी जोर देऊन खाजव. तिचा वरचा ओठ लांबून थरथरू लागला, तर जागा बरोबर सापडली असे समज. नुसती जीभ फिरवणे आणि जबडा चाळवणे याला पुष्कळ जण ‘घोड्याने मान्य केले’ असे म्हणतात, पण मला ते पटत नाही; ताण उतरतानाही घोडे तसे करतात, म्हणजे आधी ताण आला कशाने, हे शोधायला हवे.

आणि तू ज्याला हट्ट म्हणतेस, तो दुखण्याचा आवाजही असू शकतो. कान मागे ताठरलेले, डोळ्यावरची कातडी आवळून कोन झालेला, हनुवटी कठीण, नाकपुड्या ताणलेल्या, अशी चिन्हे दिसली तर शिकवणे त्या दिवसापुरते बंद कर. खुरात खडा अडकला आहे का, पाठीवर खोगिराखाली सूज आहे का, हे पाहा आणि दातांसाठी पशुवैद्यांना बोलाव. पाठ दुखणाऱ्या घोडीला कितीही नेमकेपणाने सांगितलेस तरी तिचे उत्तर तेच येणार.

उद्यापासून पंधरा दिवस तिच्याकडून काहीही नवे करून घेऊ नकोस. फक्त दोरीवर एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे आणि मग खरारा, एवढेच दहा-पंधरा मिनिटे कर. त्यानंतर मला लिही, पण ती ऐकते की नाही हे लिहू नकोस. दोरी तू कधी सोडलीस आणि त्या वेळी तिचे कान कुठे होते, ते लिही.

तुझा,
एक जुना मोतद्दार