प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी

तू विचारलंस: आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष आहे, डोळे, कान, नाक, स्पर्श या सगळ्यांतून संस्कृती अनुभवायला देणारी प्रदर्शनं उभी करायची आहेत, क्रिएटिव्ह डायरेक्टर व्हायचंय, तर देवगडला राहून काही जमेल का, की थेट मुंबई गाठू?

मुंबई लागेलच. पण आधी गावाकडची एक जत्रा पूर्ण रात्र बस. मी या कामात २२ वर्षं आहे आणि सुरुवात कुडाळच्या आसपास, जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावताराच्या लोकनाट्याचा माइक सांभाळण्यापासून झाली. पायपेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथेच सुचणारे. खाज्याचा गूळ बोटांना चिकटलेला, शेजारणीच्या गजऱ्यातली अबोली, पहाटे अंगावर उतरणारं दव. आज ज्याला आम्ही इमर्सिव्ह, म्हणजे बघणाऱ्याला सगळीकडून वेढून टाकणारं म्हणतो, ते तिथे प्रोजेक्टरशिवाय चालतं.

माझी मोठी चूक सांगते. एका संग्रहालयात पहिल्या पावसाचं दालन करत होतो. मातीचं अत्तर आणलं आणि यंत्रातून दिवसभर सोडत राहिलो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगकाम करणारे काका आत आले नि म्हणाले, "हयसर उदबत्ती कोणी लायल्यान?" रात्रभर झोप नाही. सकाळी यंत्र काढलं, जांभ्याचे चार चिरे उन्हात तापवून दाराशी मांडले आणि प्रत्येक गट येण्याआधी त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. काका पुन्हा आले. बोलले काहीच नाहीत, ओल्या चिऱ्यावर तळवा ठेवून उभे राहिले. नाक काही मिनिटांत एका वासाला सरावतं, म्हणून वास थोडा वेळच द्यायचा आणि थांबायचं, हे मी त्या दिवशी शिकले.

स्पर्शाचंही तसंच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात, म्हणजे तिथल्या पारंपरिक पत्त्यांच्या खेळात, १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी १२, सगळी गोल. काचेआड ठेवली की फक्त चित्र उरतं. जुनी पानं काचेतच राहू देत, पण खेळायला नवा संच कारागिरांकडून पूर्ण दाम देऊन करवून घे. पोरं तो पिसायला बसली की दालन आपोआप बोलकं होतं.

दामाचा विषय निघालाच आहे. एका आयोजकाने दशावतारी कलाकारांचे आवाज ध्वनिमुद्रित करून महिनोन्‌महिने वाजवले आणि बिदागी दिली एका रात्रीची. मी तेव्हा गप्प बसले, ते आजही सलतं. आता ध्वनिमुद्रण किती दिवस वाजणार, त्याचे किती पैसे, भिंतीवर नाव कुठे, हे करारात आल्याशिवाय मी काम घेत नाही. पालखीसारख्या गोष्टीत तर मानकऱ्यांना विचारल्याशिवाय आराखड्याची रेघही ओढू नये. ते नाही म्हणाले, तर नाही.

शिक्षणाचं म्हणशील, तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, प्रदर्शन-रचना शिकवतात. नाहीतर मुंबईत एखाद्या प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली दोन वर्षं काढ. अंदाजपत्रक आणि सुतारांशी बोलणं तिथेच येतं. परत आलीस की खारी हवा लक्षात ठेव. जोडण्या गंजतात, पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, त्यामुळे यंत्रं जितकी कमी तितकं बरं.

या सुट्टीत पिंगुळीला जा. पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्या घराण्याने जपलेली चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघ. पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून, दुसऱ्यांदा मिटून. मिटल्यावर जे उरलं, ते वहीत उतरव. तुझ्या पहिल्या दालनाचा आराखडा त्यातूनच काढ.