गॅस भरपूर, पण शेगडी पेटेना

प्रश्न: आमच्याकडे २ घनमीटरचा दीनबंधू (बंद घुमटाचा) गोबरगॅस आहे, दोन म्हशी आणि एक गाय. मागच्या आठवड्यात घरच्या लग्नातला उरलेला भात आणि बुंदी, तीन पाट्या, टाकीत घातली. आता कॉक उघडला की फुसफुस आवाज येतो, पण शेगडी पेटत नाही. कुंडीला आंबूस वास आहे. टाकी उपसावी का? कांद्याची टरफलं आणि सोयाबीनचं कुटार घातलं तर चालेल का?

उत्तर: उपसू नका. म्हशीने धान्याचं पोतं फोडून खाल्लं की तिचं पोट आंबतं आणि रवंथ बंद होतो. तुमच्या टाकीचं तेच झालंय. आत दोन प्रकारचे जिवाणू असतात. एक अन्नापासून झपाट्याने आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा सावकाश मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, करतात. तीन पाट्या गोड-पिठूळ माल एकदम पडला, आम्ल साचलं आणि दुसरे जिवाणू थंडावले. चांगल्या गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के असतो. आता घुमटात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच भरलाय, तो पेटणार कसा?

खरकटं आजपासून बंद. औषधाच्या दुकानातून सामू (पीएच, आंबटपणाचं माप) मोजायची कागदपट्टी आणा आणि टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ राबडीत, म्हणजे स्लरीत, बुडवून पाहा. सामू ७ च्या आसपास हवा, ६.५ च्या खाली असेल तर चार-पाच दिवस काहीच घालू नका. मग शेजारच्या चालू गोबरगॅसची पाच-सहा बादल्या स्लरी मागून आणा, तेच विरजण. त्यानंतर ताजं शेण तेवढ्याच पाण्यात कालवून निम्म्या मापाने सुरू करा. न पेटणारा गॅस घराबाहेर, उघड्यावर सोडा. जवळ बिडी-काडी नको. आणि काही झालं तरी टाकीत माणूस उतरवू नका. आतल्या वायूने माणसं गुदमरून मेली आहेत, त्यांना काढायला उतरलेलीही.

खरकटं वाईट नाही, उलट किलोमागे ते शेणापेक्षा जास्त गॅस देतं. शेण जनावराच्या पोटात एकदा पचून आलेलं असतं, भात पचायचा बाकी असतो. २ घनमीटरला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. म्हशीचं १५ आणि गाईचं १० धरलं तर तुमचं ४० च्या पुढे जात नाही, तेही गोठ्यातच बांधली तर. ही तूट खरकट्याने भरता येईल, पण गाडी रुळावर आल्यावर, रोज दोन किलोपासून, चांगलं कुस्करून. हाडं, लिंबाच्या साली वगळा. गोठा फिनाईलने धुता का? ते पाणी कुंडीत जाऊ देऊ नका.

टरफलं आणि कुटार टाकीत नको. कुटारातला काष्ठमय भाग जिवाणूंना पचत नाही, तो वर तरंगून जाड साय धरतो. तरंगत्या टोपीच्या गोबरगॅसमध्ये टोपी फिरवून ती मोडता तरी येते, तुमच्या बंद घुमटात हात घालायला जागा नाही. त्यापेक्षा खताच्या खड्ड्यात दोन्ही थरांनी पसरा आणि प्रत्येक थरावर बाहेर पडणारी स्लरी ओता. कोरडं कुटार त्याने लवकर कुजतं. सध्याची आंबट स्लरी मात्र उभ्या पिकाला देऊ नका, तीही याच खड्ड्यात जिरवा.