बागेत शिल्प उभं करण्याआधी

अनेक आशीर्वाद.

नगरपालिकेच्या बागेसाठी केलेली तुझी रेखाटनं पाहिली. पोलादी भिंत देखणी आहे. पण ती कुठे उभी राहणार, हे एकाही कागदावर नाही. बाक नाहीत, पायवाट नाही. कोऱ्या कागदावर कुठलंही शिल्प शोभतं गं!

न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात, म्हणजे सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात, १९८१ साली अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेराने १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत चौक कापत उभी केली. आपण जागेतून कसे चालतो, हे माणसाला जाणवावं, असा हेतू. आसपासच्या कचेऱ्यांतल्या लोकांना मात्र रोजचा वळसा जाणवला. तक्रारी झाल्या, जाहीर सुनावणी झाली आणि १९८९ मध्ये भिंत काढली. मला ते शिल्प आवडतं. तरी तक्रार करणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. चौक रोज तेच वापरत होते.

आता एकदा भायखळ्याला राणीच्या बागेत जाऊन ये. (बुधवार सोडून, त्या दिवशी बंद असते.) भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला, हत्तीचे तुकडे झाले. ते या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. फोटो काढत बसू नकोस, सांधे शोध. त्याच बागेत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही आहे, १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला. राजा गेला तरी लोक त्या भागाला काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. लोकांनी जे ठेवलं तेवढंच शिल्पकाराने ठेवलं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

म्हणून तुझ्या भिंतीवरची नथ, तोफ आणि तुळशीवृंदावन आधी काढ. ते लग्नाच्या हॉलवरही असतं. त्याऐवजी बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांना विचार, इथे पूर्वी काय होतं. विहीर? तालीम? दुपारी कोण झोपतं, संध्याकाळी मुली कुठे बसतात, कुठे बसत नाहीत, तेही बघ.

बाकी कामाचं. पोरं चढणारच, कडा गोल कर. मे महिन्यात पोलाद चटका देतं, तेव्हा हात पोहोचेल तिथे लाकूड किंवा दगड घाल. झाडाची मुळं असतील तिथे पाया खोदू नकोस. वरच्या खाचेत पाणी साचलं तर डास होतील आणि पहिली नोटीस तुलाच येईल.

आणि रंगाचा खर्च अर्जातच मांड. उद्घाटनाला सगळे येतात. चार पावसाळ्यांनंतर गंज खरवडायला कोण येणार, हे आत्ताच लेखी घे.

तुझा,
सर