वेगसचं टेबल की परळची मुलं: एका सराफी दुकानाचे दहा हजार डॉलर

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तुमचं दोघांचं दागिन्यांचं दुकान आहे. लास वेगसला दागिन्यांची मोठी प्रदर्शनं भरतात त्या आठवड्यात 'ज्वेलर्स फॉर चिल्ड्रन' ही संस्था 'फॅसेट्स ऑफ होप' नावाची मेजवानी ठेवते. तुमचा हिऱ्यांचा सप्लायर तिथं टेबल घेतोय, म्हणजे एका टेबलाच्या सगळ्या खुर्च्यांचे पैसे देणगी म्हणून भरतोय, आणि म्हणतोय, अर्धं टेबल तुम्ही उचला, १०,००० डॉलरचा चेक माझ्या कंपनीच्या नावाने द्या. दुसरीकडे कोल्हापूरच्या तुमच्या भाच्यावर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरचे उपचार झाले, तेव्हापासून तिथल्या मुलांसाठी काही करायचं तुमच्या मनात आहे. दरवर्षी साधारण १०,००० डॉलर देता येतील, ते कुठे द्यावेत?

आधी तो चेक थांबवा. सप्लायरच्या कंपनीच्या नावाने पैसे गेले तर कायद्याच्या नजरेत देणगी त्याची झाली. पावती त्याच्या नावाने येणार, करातली वजावट तो घेणार आणि तुमच्या हातात नुसतं जेवण राहणार. २५० डॉलरपासून पुढच्या प्रत्येक देणगीला संस्थेचं तुमच्या नावाचं लेखी पत्र लागतं, आणि ते रिटर्न भरण्याआधी हातात असावं लागतं. जेवणासकट ७५ डॉलरच्या वर पैसे घेतले तर जेवणाची किंमत किती, हेही संस्थेनं तुम्हाला लिहून द्यावं लागतं. ती किंमत वजा करून उरेल तीच देणगी. तो माणूस लबाड आहे असं माझं म्हणणं नाही, टेबलं अशीच वाटून घेतली जातात. पण तुम्ही त्याच्याकडून मेमोवर (विकला तर पैसे, नाहीतर परत) माल घेता, त्यामुळे 'नाही' म्हणणं जड जातं, हे तुमच्या पत्रातून दिसतंय.

संस्था चांगली आहे. अमेरिकेतल्या दागिने व्यवसायानेच १९९९ मध्ये ती उभी केली आणि मुलांसाठी काम करणाऱ्या इतर संस्थांना ती पैसे पुरवते. त्यातलं मोठं नाव मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाचं. १९६२ पासून तिथं मुलांच्या कॅन्सरवर काम चालतं आणि उपचार, प्रवास, राहणं, जेवण यांचं बिल कुटुंबाला येत नाही. त्यांना दिलेला पैसा वाया जात नाही. पण त्यांच्यामागे अब्जावधी डॉलरचा राखीव निधी आहे, तुमच्या दहा हजारांवाचून तिथं कुणाचं औषध अडणार नाही. परळला चित्र वेगळं आहे. तिथं मुलाचे उपचार सुरू होतात आणि आईबापांना राहायला जागा नसते. वर्षभर चालणारे उपचार मध्येच सुटतात ते बऱ्याचदा औषधावाचून नाही, राहण्याखाण्याच्या खर्चापायी. २००६ पासून 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' अशा कुटुंबांना विनामूल्य खोली देते (नाव सारखं असलं तरी मेंफिसची संस्था वेगळी). रुग्णांच्या राहण्याची सोय करणाऱ्या नाना पालकर स्मृती समितीचं काम तर तुमच्या भावाने जवळून पाहिलंय, असं तुम्हीच लिहिलंय. माझं मत विचाराल तर मोठा वाटा तिकडे जावा.

आता कराचं गणित. ते तुमच्या अंदाजापेक्षा बरंच वेगळं निघतं. दोघांचं मिळून उत्पन्न १,८०,००० डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्याचा कर मिळून २२,०००, मॉर्गेजचं व्याज ४,०००, म्हणजे वजावटीत दाखवता येणारे खर्च २६,००० झाले. २०२६ साठी जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी ठरलेली वजावट, ३२,२०० आहे. तुमच्या २६,००० मध्ये १०,००० ची देणगी मिळवली तर २०२६ पासूनच्या नियमाप्रमाणे देणगीतून उत्पन्नाचा अर्धा टक्का, म्हणजे ९०० डॉलर, आधी बाद होतात. उरले ९,१००. एकूण वजावट ३५,१००, म्हणजे स्टँडर्डपेक्षा फक्त २,९०० जास्त. तुमच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात कर वाचला ६३८ डॉलर. तुम्ही २,२०० धरून बसला होतात. शिवाय आयटमाइझ न करणाऱ्या, म्हणजे खर्च एकेक न दाखवता स्टँडर्ड घेणाऱ्या जोडप्यालाही आता रोख देणगीवर २,००० पर्यंत वजावट मिळते, म्हणजे ६३८ मधले ४४० तर तशाही वाचले असते. न्यू जर्सीच्या राज्य करात देणगीची वजावट नाही, ती धरू नका.

म्हणून मी सुचवेन, दोन वर्षांचं एकदम द्या. तुमच्या ब्रोकरेज खात्यात २०१२ मध्ये ४,००० ला घेतलेला आणि आज २०,००० चा झालेला इंडेक्स फंड पडून आहे. तो न विकता जसाच्या तसा डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडात (दानासाठीच राखून ठेवलेलं खातं) टाका. वजावट पूर्ण २०,००० ची धरली जाते. ९०० बाद केल्यावर एकूण आकडा ४५,१०० होतो, स्टँडर्डपेक्षा १२,९०० जास्त, म्हणजे कर वाचला २,८३८ डॉलर. पुढच्या वर्षी निवांत स्टँडर्ड घ्या. दोन वर्षं वेगवेगळे दहा-दहा हजार दिले असते तर १,२७६ च्या आसपासच वाचले असते. वर १६,००० च्या नफ्यावरचा १५ टक्के कर, म्हणजे २,४०० डॉलर, कधीच भरावा लागत नाही. फंडात टाकलेले पैसे परत घेता येत नाहीत, पण कोणत्या संस्थेला कधी द्यायचे ते पुढे सावकाश ठरवता येतं.

यात माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काही वेगळंच आहे. दुकानाच्या लाइन ऑफ क्रेडिटवर (लागेल तसं उचलायचं मंजूर कर्ज) ६०,००० डॉलर ९ टक्क्यांनी चालू आहेत. वर्षाला ५,४०० नुसतं व्याज. सोन्याचे भाव चढलेत, तेवढाच माल काउंटरवर ठेवायला पूर्वीपेक्षा जास्त पैसे गुंततात, तेव्हा हे कर्ज आपोआप कमी होणार नाही. टेबलाचा चेक तुम्ही याच लाइनमधून काढणार होतात. ते मला अजिबात मान्य नाही. इंडेक्स फंडातून दान केलंत तर हातातले रोख दहा हजार कर्जात भरा, वर्षाला ९०० डॉलर व्याज कमी होईल.

लिलावात ८,००० ची पट्टी लावलेला हार द्यावा, ही तुमच्या मिस्टरांची कल्पना. मनाचा मोठेपणा आहे, पण दुकानातल्या मालावर वजावट विक्रीच्या किमतीची मिळत नाही. तुम्हाला तो ३,६०० ला पडला, तेवढंच धरलं जातं, आणि ही रक्कम वर्षाच्या खरेदीखर्चात आधीच गेली असेल तर दुसऱ्यांदा नाही. हार दुकानात विका आणि त्यातले पैसे द्या. लिलावात तो निम्म्या भावाने जाण्याची शक्यता मोठी असते.

परळला पैसे पोचवायची वाट नीट धरा. तुम्ही दोघंही अमेरिकन नागरिक. भारतातल्या संस्थेला थेट पाठवलेल्या पैशावर इथं वजावट नाही. तिकडेही ती विदेशी देणगी ठरते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी आणि मुंबईतल्या जुन्या एनआरओ (अनिवासींच्या रुपयांतल्या) खात्यातून रुपयांत दिली तरी. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यात जमा व्हावे लागतात. भावाच्या खात्यात टाकून त्याच्या नावाने देणगी द्या असं कुणी सुचवेल, त्या फंदात पडू नका. गिव्हटूएशिया किंवा सीएएफ अमेरिका अशा इथं नोंदलेल्या संस्था भारतातल्या संस्थांना रीतसर अनुदान पोचवतात, आणि तुमच्या फंडातून त्यांना पैसे देता येतात. त्या आपलं शुल्क कापतात. तुम्ही निवडलेल्या संस्थेपर्यंत ते पोचवतात का आणि शुल्क किती, हे दोन्ही फंडात पैसे टाकण्याआधी फोन करून विचारा.

वेगसला मात्र जा. तुमची ओळख तिथंच वाढते, आणि सप्लायरशी संबंध तुटून चालणार नाही. दोन खुर्च्यांचे पैसे थेट 'ज्वेलर्स फॉर चिल्ड्रन'ला तुमच्या नावाने भरा आणि पावती सप्लायरला दाखवा, त्याचाही मान राहील. दुकानाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून येणार असेल तर तो भाग जाहिरातीचा खर्च धरता येईल का, ते तुमच्या सीपीएला (हिशेबनिसाला) विचारा. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा गळ घातली तर त्याआधी संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे कर खात्याकडे भरलेला वार्षिक हिशेब, उघडा, तो सगळ्यांना पाहायला मिळतो. त्यातल्या शेड्यूल जी मध्ये समारंभात किती जमले आणि हॉल, जेवण, करमणुकीवर किती गेले, ते ओळीने लिहिलेलं असतं.

इंडेक्स फंडाचे शेअर हलवायला ब्रोकरकडून कधीकधी दोन-तीन आठवडे जातात आणि डिसेंबरमध्ये गर्दी असते. ऑक्टोबरमध्येच अर्ज द्या.