सही करण्याआधी सेपरेशन पेचं गणित समजून घे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. मेजरच्या यादीत दुसऱ्यांदाही तुझं नाव आलं नाही, हे तुझ्या आईकडून कळलं. अमेरिकी लष्करात कॅप्टनला दोनदा बढती नाकारली गेली की सहसा कायद्यानेच सेवा संपते. ही शिक्षा नाही. वर जावं तशा जागा कमी होतात आणि चांगली माणसंही गळतात. नातेवाईक 'काढून टाकलं' म्हणतील, म्हणू देत. तू आधी पैशाचं बघ. पगाराच्या कचेरीत माझी सगळी नोकरी झाली आणि सेपरेशन पे, म्हणजे सेवा संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, हिने भल्याभल्यांचा हिशेब चुकवलेला मी पाहिला आहे.

सक्रिय सेवा किमान ६ वर्षं आणि २० वर्षांपेक्षा कमी असेल, आणि नोकरी तुझ्या मर्जीविरुद्ध संपत असेल, तर हा पैसा मिळतो. शेवटच्या महिन्याचं मूळ वेतन गुणिले १२, त्याचे १० टक्के, आणि त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचं. समजा तुझं मूळ वेतन ८,००० डॉलर आणि सेवा १० वर्षं. वर्षाचे ९६,०००, त्याचे १० टक्के ९,६००, गुणिले १० म्हणजे पुन्हा ९६,०००. घरभाडं आणि जेवणाचे भत्ते यात धरत नाहीत. वजन किंवा शारीरिक चाचणीसारख्या कारणाने माणूस सेवेत ठेवण्यास पूर्ण पात्र ठरत नसेल, तर याच्या निम्मी रक्कम. तुझी सगळी कागदपत्रं चोख आहेत, म्हणून पूर्ण रकमेचाच आग्रह धर.

यासाठी रेडी रिझर्व्हमध्ये, म्हणजे गरज पडल्यास बोलावल्या जाणाऱ्या राखीव दलात, किमान ३ वर्षं राहीन असा लेखी करार करावा लागतो. तो नुसता सोपस्कार समजू नकोस. रिझर्व्हमध्ये टिकलीस तर आधीची १० वर्षं वाया जात नाहीत. पात्र अशी २० वर्षं भरली की साधारण साठीला पेन्शन सुरू होते. आणि कंटाळून स्वतःहून राजीनामा देण्याची घाई करू नकोस, कारण स्वतःच्या विनंतीवरून जाणाऱ्याला ही रक्कम मिळत नाही.

आता कर. हे उत्पन्नच धरलं जातं. संघराज्याचा २२ टक्के कर आधीच कापला की ९६,००० मधले २१,१२० जातात आणि हातात ७४,८८० उरतात. राज्याचा कर असेल तर तो वेगळा.

पुढचं नीट वाच. उद्या तुझ्या गुडघ्याला किंवा कानांना सेवेमुळे इजा झाली असं माजी सैनिक खात्याने, म्हणजे व्हीएने, मान्य केलं आणि दरमहा भरपाई मंजूर केली, तर ती लगेच तुझ्या हाती येणार नाही. सेपरेशन पेची करकपातीनंतरची रक्कम वसूल होईपर्यंत व्हीए ती भरपाई कापून घेते. महिना १,००० डॉलर मंजूर झाले असं धर. ७४,८८० फिटायला ७५ महिने, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. पुढे लष्करी पेन्शन मिळाली तर तिच्यातूनही वसुली होते. मोठा धनादेश हाती आला की कोथरूडला फ्लॅट बुक करायचा किंवा नवी गाडी काढायची, असं घरात बोलणं सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे की या पैशाला उचल समज. पहिल्या वर्षाचं घरभाडं आणि शिक्षण यातून भागव, उरलेले बाजूला ठेव. पुढच्या भरपाईतून हीच रक्कम कापली जाणार आहे.

वसुली होणारच म्हणून व्हीएचा दावाच न करणारे पुष्कळ पाहिले. फार नुकसान करून घेतात. दावा मान्य झाला की त्या दुखण्यावरचे उपचार मिळतात, आणि उपचारांचा खर्च या वसुलीत येत नाही. दावा सेवा संपण्याच्या १८० ते ९० दिवस आधीच दाखल करता येतो. बढती मंडळाचा निकाल मंजूर झाल्यानंतरच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत तुला बाहेर पडावं लागेल, म्हणजे तुझी ती मुदत जवळजवळ आताच सुरू होतेय. कान, गुडघे, पाठ, झोप, जे दुखतं ते डॉक्टरला सांगून वैद्यकीय नोंदीत लिहून घे. बाकी, १८० दिवस आरोग्यविमा आणि १२० दिवस जीवनविमा चालू राहतो. टीएसपीतले, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यातले, पैसे काढू नकोस.

शेवटचं, डीडी-२१४, म्हणजे सेवा संपल्याचा दाखला. या कागदाच्या छोट्या प्रतीवर कारण नसतं, सविस्तर प्रतीवर असतं. सविस्तर प्रत माग. सेपरेशनचा कोड, कारणाची ओळ आणि शेरे असलेल्या चौकटीतली सेपरेशन पेची रक्कम तुझ्या आदेशाशी ताडून बघ. एक अंक चुकला तरी दुरुस्तीला महिने जातात, म्हणून सही करण्याआधीच बोल. मसुदा हातात आला की त्याचा फोटो मला पाठव, आपण फोनवर ओळ न् ओळ वाचू. रविवारी मी घरीच असतो.

तुझा
काका